पाळीत दर महिन्याला अंधारी येते आणि रिपोर्ट मात्र नॉर्मल

ताई, मी २२ वर्षांची आहे, कळव्याला राहते आणि ऐरोलीला एका कंपनीत जॉब करते. नववीत असल्यापासून पाळीत खूप दुखतं पण गेल्या वर्षभरात जास्तच वाढलंय. पाळी यायच्या दोन दिवस आधीपासून कंबर आणि मांड्या धरतात, पहिले दोन दिवस उलट्या होतात, आणि संडासला बसलं की आत सुरी फिरवल्यासारखं होतं. हल्ली पाळी नसताना पण ओटीपोटात उजवीकडे दुखत राहतं. मागच्या महिन्यात ठाणे स्टेशनला पूल उतरताना डोळ्यासमोर अंधारी आली, एका काकूंनी धरलं म्हणून पडले नाही. मेफ्टाल आधी एक घेतली की पुरायची, आता दिवसाला तीन घेऊन पण थांबत नाही. सोनोग्राफी केली, नॉर्मल आली. डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नको, लग्न झालं की बरं होईल. आई म्हणते मलाही असंच व्हायचं, तिचं तर ३९व्या वर्षी गर्भाशय काढलं. नेटवर एंडोमेट्रिओसिसबद्दल वाचलं आणि घाबरले. मला तेच असेल का? दुर्बिणीचं ऑपरेशन लागेल का? मूल होणार नाही का? घरात स्थळं बघतायत, मी कोणाला काय सांगू?
– कळव्याची एक मुलगी

सगळ्यात आधी ट्रेनचं बोलते, कारण बाकीच्या गोष्टींना थोडा वेळ लागला तर चालेल पण हे पुढच्या पाळीच्या आत ठरायला हवं. त्या दोन दिवसांत दारात उभी राहू नकोस. कळव्याहून सकाळची गाडी म्हणजे आत शिरायलाच मारामारी, मला माहितीये, तरी पण त्या दिवशी एक गाडी सोड, लेडीज डब्यात सरळ कोणाला तरी सांग की चक्कर येतेय, बसायला द्या. बायका देतात गं. आणि रिकाम्या पोटी गोळी घेऊन घराबाहेर पडायचं नाही, उलटी होईल म्हणून काहीच न खाता निघतेस ना, त्याने चक्कर अजून वाढते. दोन बिस्किटं, अर्धी पोळी, काहीतरी पोटात जाऊ दे.

आता तुझा प्रश्न. मी डॉक्टर नाही, पण गायनॅकच्या ओपीडीत सिस्टर म्हणून बरीच वर्षं काढलीत, आणि पत्रावरून कोणाला आजाराचं नाव देऊ नये हे तिथेच शिकले. पण तुझ्या पत्रात अशा चार-पाच गोष्टी आहेत की त्या नीट सांगितल्यास तर कुठलीही चांगली गायनॅक एंडोमेट्रिओसिसचा विचार केल्याशिवाय तुला घरी पाठवणार नाही.

बघ, पाळीत दुखणं बहुतेक मुलींना होतं, ते खरंय. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सुटतात, त्याने गर्भाशय आवळतं आणि कळा येतात. ते दुखणं साधारण पाळीबरोबर किंवा काही तास आधी सुरू होतं, एक-दोन दिवसात ओसरतं, आणि पेनकिलर वेळेवर घेतली की मुलगी कॉलेजला जाऊ शकते, कामाला जाऊ शकते. तुझं तसं नाहीये. तुझं दोन दिवस आधी सुरू होतं, गोळीला दाद देत नाही, वर्षागणिक वाढतंय, पाळी नसताना पण दुखायला लागलंय, आणि संडासला होणारा तो त्रास पाळीतच होतो. त्यात तुझ्या आईची हिस्टरी. आईला किंवा सख्ख्या बहिणीला हा आजार असला तर मुलीला व्हायची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते.

एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारखाच पेशींचा थर गर्भाशयाच्या बाहेर वाढतो. बीजकोशावर, गर्भाशयाला मागून धरून ठेवणाऱ्या लिगामेंटवर, गर्भाशय आणि गुदाशय यांच्या मधल्या खोलगट जागेत, कधी आतड्यावर नाहीतर लघवीच्या पिशवीवर. महिन्याच्या हार्मोनना तो पण प्रतिसाद देतो, तिथे सूज येते, व्रण होतात, शेजारचे अवयव एकमेकांना चिकटतात. म्हणून काहींना संडासला दुखतं, काहींना लघवीला, काहींना संबंधाच्या वेळी खोलवर दुखतं, आणि थकवा तर इतका की सुट्टीच्या दिवशी पण अंथरुणातून उठवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पाळीच्या वयातल्या साधारण दर १० बायकांत एकीला हा आजार आहे, जगभरात जवळजवळ १९ कोटी. आणि त्याचं निदान व्हायला ४ ते १२ वर्षं लागतात असं तीच संघटना म्हणते. तू नववीपासून सोसतेयस म्हणजे सात-आठ वर्षं झालीच की.

हे का होतं त्याचं पक्कं उत्तर अजून कोणाकडे नाही. पाळीचं थोडं रक्त गर्भाशयाच्या दोन बाजूंच्या बीजनळ्यांमधून उलटं पोटात जातं हे एक कारण सांगतात, पण तसं बहुतेक सगळ्या बायकांमध्ये होतं आणि आजार सगळ्यांना होत नाही. तेव्हा तू लोणचं खाल्लंस, थंड पाणी प्यायलीस, पाळीत गरबा खेळलीस म्हणून हे झालं असं कोणी म्हटलं तर मनाला लावून घेऊ नकोस.

सोनोग्राफीबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण तो एक कागद दाखवून मुलींना गप्प केलेलं मी फार बघितलंय. तुझी सोनोग्राफी भरपूर पाणी पिऊन, लघवी धरून, पोटावरून केली असणार. त्यात चॉकलेट सिस्ट दिसते, म्हणजे बीजकोशात जुनं रक्त साठून झालेली गाठ, मोठा फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूची गाठ, तोही दिसतो. पण पोटाच्या आतल्या पडद्यावर पसरलेले छोटे छोटे ठिपके त्यात दिसत नाहीत, आणि तुझ्या वयाच्या मुलींमध्ये आजार बऱ्याचदा त्याच स्वरूपात असतो. रिपोर्ट नॉर्मल याचा अर्थ मोठी गाठ नाहीये, बस एवढाच. ही चांगली बातमी आहे पण तपास इथे संपत नाही.

योनीमार्गातून करतात ती सोनोग्राफी जास्त बारकाईने बघते, विशेषतः करणाऱ्याला एंडोमेट्रिओसिस शोधायची सवय असेल तर. आपल्याकडे लग्न न झालेल्या मुलीला ती सहसा सुचवतच नाहीत. ओपीडीत विचारतात 'लग्न झालंय का' आणि त्यावरून पुढचं सगळं ठरतं. त्यांना खरं जाणून घ्यायचं असतं ते संबंध आले आहेत की नाही, कारण तपासणी त्यावर अवलंबून असते. आई शेजारी उभी असताना कुठली मुलगी खरं बोलणार? तू २२ची आहेस, सज्ञान आहेस, डॉक्टरांना सांग मला पाच मिनिटं एकटीशी बोलायचंय, आणि जे असेल ते खरं सांग. संबंध आले नसतील तर ती तपासणी करून घ्यायची सक्ती नाही, पोटावरून करतात, गरज पडली तर एमआरआय करतात. एमआरआयमध्ये खोल रुजलेला आजार चांगला दिसतो, वरवरचे ठिपके तिथेही सुटू शकतात. आणि सीए-१२५ ही रक्ताची तपासणी कोणी या निदानासाठी सांगितली तर पैसे वाचव. ती बऱ्याच कारणांनी वाढते, साध्या पाळीत सुद्धा, आणि आजार असून नॉर्मल पण येते.

आता आईकडे एक काम आहे. तिचं गर्भाशय काढलं तेव्हाची फाईल घरात कुठेतरी असेल, बहुतेक कपाटात साड्यांच्या खाली नाहीतर बेडच्या बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत, आपल्याकडे सगळ्यांच्या फायली तिथेच असतात. त्यात डिस्चार्ज कार्ड आणि हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट शोध, म्हणजे काढलेलं गर्भाशय तपासून लॅबने जे लिहिलं तो कागद. त्यावर एंडोमेट्रिओसिस किंवा अॅडेनोमायोसिस असं लिहिलेलं असेल तर तो कागद तुझ्या फाईलमध्ये सगळ्यात वर लाव. अॅडेनोमायोसिस म्हणजे तसंच अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत शिरलेलं असतं, आणि हे दोन आजार पुष्कळदा बरोबर सापडतात. आईला त्या वेळी कोणी नाव सांगितलंच नसेल, 'पिशवी खराब झालीय, काढून टाका' इतकंच सांगितलं असेल. 'मलाही असंच व्हायचं' हे ती तुला गप्प बसवायला म्हणत नसावी, तिने ते असंच काढलं, तिला दुसरं काही माहीतच नाही. तिच्याशी भांडू नकोस, फाईल माग. कदाचित तिला स्वतःला काय झालं होतं ते तिलाही पहिल्यांदा त्या कागदावरूनच कळेल.

दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणशील तर लगेच नाही. आधी असं होतं की लॅपरोस्कोपी करून डोळ्याने बघितल्याशिवाय नाव द्यायचंच नाही. २०२२ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांच्या संस्थेने, एश्रेने, ती भूमिका बदलली. लक्षणांवरून संशय दाट असला तर औषधं सुरू करा, आणि स्कॅनमध्ये काही दिसत नाही किंवा औषधाने फरक पडत नाही किंवा औषध देणं योग्य नाही अशा वेळी लॅपरोस्कोपीचा विचार करा, असं आता ते सांगतात. तेव्हा पहिल्याच भेटीत कोणी ऑपरेशनची तारीख द्यायला लागलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घे. आणि पुढे कधी करायचीच वेळ आली तर आधी विचार, की आत आजार दिसला तर त्याच वेळी काढणार का नुसतं बघून बाहेर येणार, आणि काढलेला तुकडा लॅबला पाठवणार ना. अशी ऑपरेशन्स नेहमी करणाऱ्याच हातात पोट द्यायचं.

औषधांचं सांगते. पेनकिलर दुखणं शिगेला पोचल्यावर घेतली तर कमी काम करते. चाहूल लागली की लगेच, खाऊन, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या तासांनी दोन-तीन दिवस घ्यायची. मेफ्टाल पुरत नाही म्हणून वरून कॉम्बिफ्लाम नको, एका जातीच्या दोन गोळ्या एकत्र झाल्या की पोटाला आणि किडनीला त्रास. मेफ्टालमधल्या मेफेनॅमिक अॅसिडबद्दल २०२३ च्या शेवटी इंडियन फार्माकोपिया कमिशनने सूचना काढली होती, क्वचित कोणाला त्याची गंभीर अॅलर्जी होते, अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणं असं असतं. तसं काही दिसलं तर गोळी बंद करून लगेच दवाखाना. दमा, अल्सर, किडनीचं काही असेल तर मेडिकलवाल्याला विचारून पेनकिलर घ्यायचीच नाही, डॉक्टरांना विचारायचं.

पण पेनकिलर हा तुझा इलाज नाही, तुला बहुतेक हार्मोनची गोळी सुचवतील. डायनोजेस्ट २ एमजी रोज एक, किंवा गर्भनिरोधक गोळ्या. इथे घरात वादळ उठणार आहे हे मी आत्ताच सांगून ठेवते, लग्नाआधी मुलीच्या पर्समध्ये असली पाकिटं म्हणजे काय! आईला सरळ सांग की ही पाळीच्या दुखण्याची ट्रीटमेंट आहे आणि जगभर पहिल्यांदा हीच देतात. त्यांनी पाळी कमी होते किंवा बंद राहते, ते चालतं, रक्त आत साठून राहत नाही. गोळी बंद केली की पाळी परत येते, मूल होण्याची क्षमता त्यामुळे जात नाही. सुरुवातीचे काही महिने मधेच थोडं थोडं रक्त जाईल, डोकं दुखेल, कोणाकोणाचा मूड खूप खाली जातो, तसं झालं तर गुपचूप गोळी सोडू नकोस, डॉक्टरांना सांग, दुसरं औषध असतं. डोळ्यासमोर चमचम होऊन अर्धशिशी उठत असेल किंवा घरात कोणाला पायात रक्ताची गुठळी झाली असेल तर तेही आधीच सांग, मग काही गोळ्या देत नाहीत. आणि डायनोजेस्ट हे गर्भनिरोधक म्हणून धरायचं नाही, ती वेगळी सोय करावी लागते. या औषधांनी आजार मुळापासून जात नाही, तो दाबून ठेवला जातो आणि तुझे महिने तुला परत मिळतात, आणि ते काही कमी नाही.

गरम पाण्याची पिशवी, चालणं, योगा, पेल्विक फिजिओ म्हणजे ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओथेरपी, सगळं कर, आराम पडतो. पण कोणी काढा देऊन 'गोळ्या बंद करा' म्हणालं तर ऐकू नकोस.

एक मात्र आहे, नेटवर वाचून एकाच नावाला चिकटून बसू नकोस. ओटीपोटात दुखायची कारणं बरीच असतात. लघवीचं इन्फेक्शन, मूतखडा, आयबीएस म्हणजे पोटात मुरडा आणि जुलाब-बद्धकोष्ठ होणारा आतड्यांचा त्रास, जो पाळीत वाढतो, गर्भाशय आणि नळ्यांचं इन्फेक्शन. आपल्या देशात गर्भाशयाचा टीबी पण विसरून चालत नाही, त्यात बऱ्याचदा पाळी कमी होत जाते, बारीक ताप येतो, वजन उतरतं. तुझं उजवीकडचं दुखणं यासाठीच हात लावून तपासलं गेलं पाहिजे. आणि कधी अचानक एका बाजूला असह्य कळ आली आणि उलट्या थांबत नाहीत, किंवा ताप आहे, किंवा शुद्ध हरपली, किंवा दर तासाला पॅड भिजतंय, किंवा पाळी चुकलीय आणि दुखतंय, तर ओपीडीच्या दिवसाची वाट बघायची नाही, रात्र असो का पहाट, इमर्जन्सीत जायचं. सिस्टला पीळ पडणं, अपेंडिक्स, नळीतला गर्भ, यात तासांचा हिशोब असतो.

मुलाबाळांचं. लग्नाने हा आजार बरा होत नाही. गरोदरपणात पाळी नसते म्हणून काहींना तेवढ्यापुरता आराम पडतो, बाळंतपणानंतर दुखणं परत येऊ शकतं. एंडोमेट्रिओसिसमुळे काहींना दिवस जायला वेळ लागतो, उपचार लागतात, हे खरंय आणि मी ते लपवणार नाही. पण हा आजार असलेल्या कितीतरी बायकांना आपोआप मुलं होतात, आमच्याच ओपीडीत दुखण्यासाठी येणाऱ्या मुली नंतर त्याच बाकावर नऊ महिन्यांचं पोट घेऊन बसलेल्या मी बघितल्यात. तुला अजून निदान पण झालेलं नाही, आत्तापासून या भीतीने झोप घालवू नकोस.

स्थळांचं माझं मत विचारशील तर पोहे खायला आलेल्या लोकांसमोर फाईल उघडायची काही गरज नाही, तुझं शरीर ही सगळ्या नातेवाईकांनी चर्चा करायची गोष्ट नाही. पण ज्याच्याशी खरंच जमतंय असं वाटतंय त्याला पक्कं व्हायच्या आत तू स्वतः सांग, आईबाबांमार्फत नाही. पाळीत दोन दिवस उठता येत नाही हे ऐकून जो माणूस 'मग डॉक्टर काय म्हणतात' असं विचारतो त्याच्याशी पुढे बोलता येतं. आणि 'उरकून टाकू, मग सगळं ठीक होईल' म्हणून कोणी तारखेची घाई करत असेल तर आधी ट्रीटमेंट, मग तारीख, असं ठाम सांग.

आता डॉक्टरांकडे जायचं कसं. कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय तुझ्या घराजवळच आहे, तिथे गायनॅक विभाग आहे, आणि सेकंड ओपिनियन हवं वाटलं तर स्लो गाडीने सायनला उतर, तिथलं महापालिकेचं हॉस्पिटल मोठं आहे. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढ, ऑफिसात हाफ डे नाही, पूर्ण सुट्टी टाक.

ओपीडीत काय होतं माहितीये का, मुलगी दोन तास बाकावर बसून विचार करत असते की आत गेल्यावर सगळं सांगेन, आणि नंबर लागला की म्हणते, 'पाळीत पोट दुखतं.' बस. समोर डॉक्टरांच्या टेबलावर साठ केस पेपर, ते पेनकिलर लिहून देतात आणि ती बाहेर. किती दुखतं ते सांगून उपयोग नसतो कारण सगळ्याच 'खूप' म्हणतात. दुखण्यामुळे तुझं काय काय बंद पडतं ते सांग. ते घरूनच एका कागदावर लिहून ने, साधारण असं: 'वय २२. दुखणं नववीपासून, वर्षभरात वाढलं. पाळीच्या २ दिवस आधी सुरू. पहिले २ दिवस उलट्या. पाळीत संडासला तीव्र दुखतं, एरवी नाही. पाळी नसताना उजवीकडे दुखतं, महिन्यातून इतके दिवस. मेफ्टाल दिवसाला ३ घेऊन फरक नाही. मागच्या ३ महिन्यांत इतक्या रजा. स्टेशनवर चक्कर, तारीख अमुक. आईचं गर्भाशय ३९व्या वर्षी काढलं, रिपोर्ट जोडलाय.' तारखा आठवत नसतील तर ऑफिसच्या रजांचा रेकॉर्ड आणि गोळ्यांची बिलं बघ, सापडतील. संबंधाच्या वेळी दुखत असेल तर तेही लिही, तोंडाने बोलायला लाज वाटते ते कागदावर लिहिता येतं. कागद हातात ठेवायचा नाही, डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवायचा आणि विचारायचं, 'हे एंडोमेट्रिओसिस असू शकतं का, नसेल तर कशावरून नाही?'

आणि औषध लिहून दिलं की उठायच्या आधी अजून एक विचार, 'याने तीन महिन्यांत फरक पडला नाही तर पुढे काय करायचं?' त्याचं उत्तर आणि पुढची तारीख केस पेपरवर लिहून घे, म्हणजे पुढच्या वेळी टेबलावर दुसरे डॉक्टर असले तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.